मोहोळ न मोडता मध पाहण्याची कुळकथा

मधपेटीतली चौकट उचलायची, उन्हाकडे धरायची आणि पोळ्यात किती मध उरला आहे ते पाहून ती जागच्या जागी ठेवायची, हे आजच्या मधपाळाचे नेहमीचे काम आहे. मध माणूस हजारो वर्षे खात आला. ही तपासणी मात्र साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वीपासूनच सर्रास होऊ लागली. त्याआधी मोहोळातला मध पाहायचा तर बहुतेक ठिकाणी मोहोळ मोडावेच लागे.

सातपुड्यात ते आजही दिसते. यावल, चोपडा, शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात उंच झाडांवर आणि कड्यांना आग्या माशीची मोहोळे लागतात. धूर करून पोळे कापले की मधाबरोबर अंडी-अळ्यांचा पिलावाही खाली येतो. वास्तविक आग्या माशी मध साठवते तो पोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, फांदीलगत. तेवढाच भाग कापला तर पिलावा वाचतो आणि माश्या पोळे पुन्हा भरतात. आग्या माशीची शिल्लक मात्र कोणी तपासत नाही, आणि त्याची गरजही नसते. फुलोरा सरला की ती पोळे सोडून दुसऱ्या मुलखात जाते. शिलकीची काळजी करावी लागते ती पेटीत ठेवलेल्या माशीची.

युरोपात गवताच्या विणलेल्या टोपल्यांत माश्या पाळत. आत पाहण्याची सोय नसल्याने टोपली हाताने उचलून वजनाचा अंदाज घेत. शरद ऋतूत सर्वांत हलकी टोपली हिवाळा काढणार नाही म्हणून, आणि सर्वांत जड टोपली मध भरपूर मिळेल म्हणून, दोन्हींखाली गंधक जाळून माश्या मारत. मधल्या वजनाच्या तेवढ्या वाचत. वजनाचा अंदाज ही शिलकीची पहिली तपासणी. पण पोळे न मोडता आतला मध पाहायचा कसा, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

ते उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले. स्वित्झर्लंडचे फ्रांस्वा ह्यूबर अंध होते. त्यांनी पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी करवून घेतली आणि सहायकाच्या डोळ्यांनी माश्यांचे जीवन अभ्यासले; ती निरीक्षणे १७९२ मध्ये छापली गेली. पुढे १८५१ मध्ये अमेरिकेतल्या लॅंगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या लक्षात आले की, पेटीत साधारण ६ ते ९ मिलिमीटर मोकळी जागा सोडली तर माश्या ती मेणाने बांधून टाकत नाहीत, ये-जा करायला वापरतात. चौकट आणि पेटीची भिंत यांत एवढे अंतर ठेवले की चौकट चिकटत नाही, सहज बाहेर निघते. या एका मोजमापावर आजचे मधमाशीपालन उभे आहे. १८६५ मध्ये मध काढण्याचे फिरते यंत्र आले आणि मध काढूनही पोळे शाबूत राहू लागले.

थंड देशांत ही तपासणी वसंताच्या तोंडाशी करतात, त्याला कारण आहे. कडाक्याच्या थंडीत माश्या एकमेकींना बिलगून बसतात आणि थोड्या मधावर निभावतात. दिवस मोठा होऊ लागला की राणी अंडी घालू लागते. पिलाव्याला सुमारे ३५ अंश ऊब लागते, ती टिकवायला माश्या भराभर मध खातात, आणि बाहेर फुले तर अजून उमललेली नसतात. हिवाळा काढलेली वसाहत अशी ऐन वसंतात उपाशी मरते.

भारतात पेटीतल्या मधमाशीपालनाचे प्रयोग १८८० च्या दशकात बंगालमध्ये सुरू झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीजवळ रेव्हरंड न्यूटन यांनी आपल्या देशी सातेरी माशीच्या अंगाला बेतेल अशी लहान पेटी बनवली; ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात महाबळेश्वरने यात पुढाकार घेतला आणि १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. मधमाशीपालन ज्यांत मोडते त्या ग्रामोद्योगांशी खानदेशाचा संबंध त्याहून जुना आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, आणि तिथल्या ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले.

पेटी आली, चौकट आली. पाश्चात्त्य पुस्तकातले वेळापत्रक मात्र खानदेशात जसेच्या तसे चालत नाही. इथल्या थंडीत माश्या अडकून पडत नाहीत. माघ-फाल्गुनात बियाण्याच्या कांद्याचे गोंडे फुलतात, सूर्यफूल असते, मागोमाग कडुनिंब आणि करंज मोहरतात. इथला वसंत सुगीचा. भुकेचे दिवस येतात ते त्यानंतर: आधी जळगाव-भुसावळचा ४५ अंशांपर्यंत चढणारा उन्हाळा, मग पावसाची झड. भाद्रपदाच्या सुमारास तीळ आणि पुढे कपाशी फुलेपर्यंत मोठा आधार नसतो. केळीच्या फुलांत मकरंद पुष्कळ असतो, म्हणून रावेर-यावलच्या बागांजवळच्या पेट्या थोड्या सुखात राहतात, पण पिलाव्याला लागणारे वेगवेगळ्या फुलांचे पराग एकट्या केळीतून मिळत नाहीत.

म्हणून इथे वसंतातल्या तपासणीचा प्रश्नच निराळा आहे. माश्या उपाशी आहेत का, यापेक्षा किती मध काढायचा नाही हे तेव्हा ठरवावे लागते. शांत, वारा नसलेल्या सकाळी थोडा धूर देऊन झाकण काढावे. चौकटीच्या वरच्या कडेला मेणाने बंद केलेला मध, त्याखाली परागाचा पट्टा आणि खाली पिलावा अशी मांडणी दिसली तर वसाहत ठीक आहे. पिलावा भरपूर आणि वरची कड कोरडी असेल तर धोका आहे, कारण खाणारी तोंडे वाढत आहेत आणि कोठार रिकामे आहे. अशा वेळी साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आतच द्यावा. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. उन्हाळ्यात पेटीला सावली आणि जवळ पाणीही हवे.

दुर्लक्षाचा परिणाम माशीच्या जातीनुसार बदलतो. सातेरी उपाशी राहिली की पेटी सोडून उडून जाते. १९६० च्या दशकात पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयत्नांनी भारतात स्थिरावलेली मेलिफेरा ही विदेशी माशी सहसा पेटी सोडत नाही, आतच मरते. दुबळ्या झालेल्या पेटीत पावसाळ्यात मेणकिडा शिरतो आणि उरलेली पोळीही जातात.

मध काढावा तो फक्त वरच्या मधकोठीतला, आणि तोही पेटी पावसाळा काढेल एवढा साठा मागे ठेवून. खालच्या शिशुकोठीतला मध माश्यांचा आहे. खानदेशातल्या मधपाळाने त्याला वसंतात हात लावू नये.