परक्या देशातील खुर्ची

आमच्या ज्ञातीचा इतिहास सांगताना संत सेनामहाराजांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच होय. परंतु ज्याच्या हाती वस्तरा असतो त्याचाच तेवढा इतिहास सांगून भागत नाही. जो खुर्चीवर येऊन बसतो, किंवा ज्यास बसू दिले जात नाही, त्याचीही हकीकत आमच्या व्यवसायाच्या इतिहासातच मोडते. आज ज्ञातीतील अनेक घरांची मुलेमुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी आहेत. तेथील केशकर्तनाचा दर ऐकून इकडे वडीलधारी मंडळी थक्क होतात, आणि मुले एकमेकांचे केस कापू लागतात. या निमित्ताने परदेशी गेलेल्या माणसाचा आणि न्हाव्याच्या खुर्चीचा जुना संबंध वाचकांपुढे मांडावा, असा आमचा विचार आहे.

या इतिहासाचे पहिले पान मोठे गौरवाचे आहे. इ.स. १७५९ मध्ये पाटण्यास जन्मलेले शेख दीन मुहम्मद इ.स. १७८४ मध्ये आयर्लंडला गेले. पुढे इ.स. १८१० मध्ये लंडनमध्ये त्यांनी हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढले. ते चालले नाही. खचून न जाता त्यांनी ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी बाष्पस्नान व अंगमर्दन यांचे स्नानगृह उघडले. आपली चंपी त्यांनी तेथे प्रतिष्ठेस नेली. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांचे अंगमर्दक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ‘शॅम्पू’ हा शब्द हिंदीतील ‘चाँपना’ या धातूपासून इंग्रजीत गेला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परका माणूस सेवा करणारा होता, तेव्हा राजाने त्याच्या हाती आपली पाठ दिली. परंतु परका माणूस सेवा मागावयास आला, तेव्हा काय झाले?

त्याचे उत्तर महात्मा गांधींच्या आत्मकथेत मिळते. ट्रान्सवालची राजधानी प्रिटोरिया येथे ते एकदा इंग्रज न्हाव्याच्या दुकानात गेले. न्हाव्याने तुच्छतेने त्यांचे केस कापण्यास नकार दिला. गांधीजींनी बाजारातून केस कापण्याचे यंत्र विकत घेतले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःच केस कापले. पुढील केस कसेबसे जमले, मागील मात्र बिघडले. न्यायालयातील स्नेह्यांनी, केस उंदरांनी कुरतडले की काय, असे विचारून त्यांची थट्टा केली. धोब्याचा खर्च परवडेना म्हणून ते कपडे घरी धुऊ लागले होतेच; आता न्हाव्याचेही पारतंत्र्य सुटले.

तथापि आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पुढेच. गांधीजींनी त्या न्हाव्यास दोष दिला नाही. काळ्या माणसाचे केस कापल्यास त्याची गोरी गिऱ्हाइके तुटण्याचा संभव होता, हे त्यांनी जाणले. आणि आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांचे केस कापू देत नाही, त्याचेच हे फळ, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. हे वाक्य वाचून आमच्या ज्ञातीतील कोणाचीही मान क्षणभर खाली गेल्यावाचून राहणार नाही.

हीच कथा पुढे खुद्द इंग्लंडमध्ये घडली. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून वेस्ट इंडीजमधील शेकडो लोक टिलबरी बंदरात उतरले. कायद्याने ते ब्रिटिश प्रजाजन होते, परंतु केशकर्तनालयाच्या दारात परकेच ठरत. कोठे वर्णद्वेषामुळे नकार मिळे, तर कोठे त्यांच्या दाट कुरळ्या केसांचे कसबच कारागिरास ठाऊक नसे. मग स्वयंपाकघरात फणी तापवून बायका एकमेकींचे केस सारख्या करीत. घराघरांत पुरुष एकमेकांचे केस कापीत. त्यातूनच त्यांची स्वतःची दुकाने उभी राहिली. त्रिनिदादच्या विख्यात पियानोवादिका विनिफ्रेड ॲटवेल यांनी इ.स. १९५६ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात केशभूषागृह काढले. अशी दुकाने केवळ केस कापण्याची जागा नव्हती. खोली कोठे भाड्याने मिळते, काम कोठे आहे, हेही तेथेच कळे. सेवा देण्यात वर्णभेद करण्यास तेथील कायद्याने व्यापक बंदी घातली, ती इ.स. १९६८ मध्ये.

आमच्या देशाने हे पाऊल त्याआधीच उचलले होते. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि इ.स. १९५५ च्या कायद्यात ‘दुकान’ या शब्दाच्या व्याख्येत केशकर्तनालयाचा नामनिर्देशपूर्वक समावेश केला. कायदा करणारांस आमच्या दुकानाचे नाव मुद्दाम लिहावे लागले, यातच सर्व काही आले. गावगाड्यात न्हावी स्वतंत्र नव्हता, हे खरे. बलुते गावाच्या हाती. महारवाड्यात धोकटी उघडली तर गाव दार बंद करील, ही धास्ती खरी होती. प्रिटोरियाच्या न्हाव्याची धास्तीही याच जातीची. परंतु धास्तीने कारण कळते, अन्याय धुतला जात नाही.

या हातांत नकाराचे सामर्थ्य आहे, हे आमच्या पूर्वजांनी एकदा उज्ज्वल रीतीने दाखविले. इ.स. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. दुर्बळावर अन्याय करण्यास नकार, हा आमचा खरा वारसा. दुर्बळास नकार, हा नव्हे.

आज आमच्या शहरांत बिहार, उत्तर प्रदेश, नेपाळ येथील मजूर येतात, परदेशी विद्यार्थीही येतात. त्यांस भाषा येत नाही, दर ठाऊक नसतो, खिसा हलका असतो. आमची ज्ञातिबांधवांस विनंती एवढीच, की दुकानात दरपत्रक ठळक लावावे, गावकऱ्यास जो दर तोच परक्यास घ्यावा, आणि नाना प्रकारच्या केसांचे कसब तरुणांस शिकवावे. दूरदेशी आपले मूल कोणा अनोळखी खुर्चीपुढे संकोचून उभे असेल. तेथे त्यास ‘या, बसा’ हा शब्द ऐकावयास मिळावा असे वाटत असेल, तर तो शब्द प्रथम आपल्या दुकानात उच्चारला गेला पाहिजे.