पोशाख कोणी ठरवायचा? महाडची लुगडी आणि भिवंडीचे पत्रक

गेल्या एप्रिलमध्ये भिवंडीतल्या आमच्या वस्तीत जयंतीची बैठक झाली. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग आणि डीजे यांवर नेहमीप्रमाणे भांडून झाल्यावर पत्रकाचा मसुदा वाचला गेला. शेवटची ओळ होती: महिलांनी पांढरी साडी परिधान करून उपस्थित राहावे. पुरुषांसाठी अशी ओळ नव्हती. मागे बसलेल्या कॉलेजच्या दोन मुलींनी विचारले, "आम्ही जीन्स आणि निळा कुर्ता घालून आलो तर चालेल ना?" एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने उत्तर दिले, "बायकांनी कसे नेसायचे ते बाबासाहेबांनी महाडला सांगून ठेवले आहे. ते वाचा, मग बोला." विषय संपला. आम्हीही तिथे होतो आणि गप्प बसलो. त्या मुली मिरवणुकीला आल्या नाहीत.

"ते वाचा" हा सल्ला मात्र चांगला होता. आम्ही वाचले, आणि महाडच्या भाषणाचा त्या उत्तरात लावलेला अर्थ बरोबर नाही, असे आमचे मत झाले.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, हे आपल्या लेकरालाही पाठ आहे. पण त्या पुस्तकात कपड्यांविषयी काय आहे, हे मोठ्यांनाही फारसे माहीत नसते. दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांच्या राहणीचे नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे. फुटक्या भांड्यांत खावे. कुत्री आणि गाढवे हीच त्यांची संपत्ती. वस्त्रे मेलेल्या माणसांची आणि दागिने लोखंडाचे. म्हणजे कपडे हा या व्यवस्थेत किरकोळ विषय नव्हता. पाणी, वस्ती, भांडी यांच्याच रांगेत तो बसवलेला होता. माणूस दुरून दिसताच त्याची जात कळली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

हे नुसते पोथीतले राहिले नाही. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते. महाराष्ट्रात मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, म्हणजे चुकूनही कोणाला विटाळ होऊ नये. आणि मेलेल्याचे कपडे? महारकीच्या हक्कांमध्ये प्रेतावरचे कापड होते. आपल्या पणजोबांनी ते 'हक्क' म्हणून भांडून घेतले आहे. ज्याला हक्क म्हणायचे तेच लाचारीचे चिन्ह होते आणि वतन नावाच्या सापळ्याची हीच तर करामत होती. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले, त्यामागे ही ओळख होती.

आता महाडचे भाषण. सत्याग्रह परिषदेच्या त्याच मुक्कामात बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले. तुमची लुगडे नेसायची तऱ्हा ही तुमच्या अस्पृश्यतेची साक्ष आहे, ती साक्ष पुसून टाका, असे त्यांचे सांगणे होते. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत चांदीचे किंवा कथलाचे दागिने ही अस्पृश्य बाई ओळखण्याची खूण आहे. एक गळसरी पुरे. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर नको. कपडे फाटके असले तरी चालतील, पण स्वच्छ हवेत. मुलींना शिकवा, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, हेही त्याच भाषणात आहे. पुढे काय झाले ते आणखी महत्त्वाचे. चित्रे आणि टिपणीस या कायस्थ प्रभू घरांतल्या स्त्रियांनी आपल्या बायकांना लुगडे घोट्यापर्यंत नेसवून दाखवले. आदल्या दिवशीपर्यंत पोटऱ्या उघड्या ठेवून चालणाऱ्या बाया बदललेल्या नेसणीने महाडातून परत निघाल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकामुळे चळवळीतल्या स्त्रियांचा हा इतिहास आपल्या हाती राहिला आहे. ते पुस्तक 1989 चे आहे. त्याआधीच्या आपल्या पुरुष चरित्रकारांनी लुगड्याच्या या गोष्टीला किती जागा दिली, हे ज्याने त्याने आपल्या कपाटात तपासावे.

मनुस्मृती जळली आणि त्याच मुक्कामात लोखंडाच्या दागिन्यांचे वारस असलेले कथलाचे दागिने उतरले. आमच्या मते या दोन वेगळ्या घटना नाहीत. चवदार तळ्याचे पाणी कोर्टाच्या मनाई हुकुमामुळे त्या वेळी पिता आले नाही. नेसण मात्र बदलता आली. त्यावर कोणाचा मनाई हुकूम नव्हता.

मनाई हुकूम नव्हता, असे आम्ही म्हटले खरे, पण तो महाडपुरताच. महाडच्या परिषदेला आठवडा उलटला आणि 4 जानेवारी 1928 च्या टाइम्स ऑफ इंडियात इंदूर जिल्ह्यातली बातमी आली. बाबासाहेबांनी ती पुढे 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात वापरली. कनारिया, बिचोली हाप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई समाजाला फर्मान काढले: जरीकाठी पागोटे बांधायचे नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, झोकदार झगे आणि जाकिटे घालायची नाहीत. पाळायचे नसेल तर गाव सोडायचे. बलाईंनी नकार दिला. मग विहिरी बंद झाल्या, गुरे चरायला बंदी आली, वाटा अडवल्या गेल्या. दरबाराकडे अर्ज करूनही वेळेवर दाद मिळाली नाही, आणि शेकडो माणसे बायकापोरांसह पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून गेली. धोतराच्या काठासाठी! 'कपड्यांत काय आहे' असे म्हणणाऱ्याला आम्ही एवढेच विचारू, काही नव्हते तर गावाने विहीर का बंद केली?

एक आक्षेप आपल्या विद्यापीठीय मित्रांचा असतो. महाडला बाबासाहेबांनी वरच्या जातीच्या बायकांसारखे नेसा म्हटले, म्हणजे हे अनुकरणच झाले, संस्कृतीकरण झाले, असे ते म्हणतात. दिसायला मुद्दा बिनतोड आहे. पण त्रावणकोरचा इतिहास पाहा. नाडर स्त्रियांना छाती झाकू देण्यावरून तिथे कित्येक दशके दंगे झाले. 1859 साली राजाला जाहीरनामा काढावा लागला. झाकण्याची परवानगी मिळाली, पण अट अशी की उच्चवर्णीय स्त्रियांसारखे नेसायचे नाही. व्यवस्थेला अंग झाकण्यापेक्षा सारखे दिसणे जास्त बोचत होते. ज्याला 'सारखे दिसणे' कायद्याने मना आहे, त्याने सारखे दिसणे ही नक्कल नसते, तो कायदेभंग असतो. वरच्या जातीचे सोवळे, उपास, व्रते उचलली असती तर अनुकरण म्हणता आले असते. ती उचला असे बाबासाहेब महाडला म्हणाले नाहीत.

कपड्याने जात पुसली जाते, अशा भ्रमात मात्र ते नव्हते. तो धडा त्यांना लहानपणीच मिळाला होता. 1901 साली साताऱ्याहून भावाभाच्यांसह वडिलांकडे जायला निघाले, तेव्हा प्रवासासाठी खास कपडे घेतले होते: नवे विलायती सदरे, चमकत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर गाडीतून उतरलेली ही पोरे पाहून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची वाटली. त्याने आपुलकीने चौकशी केली. 'आम्ही महार' हे शब्द ऐकताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. रेशीमकाठी धोतराची किंमत एका शब्दात शून्य झाली. हा अनुभव घेतलेला माणूस पुढे महाडला कपड्यांवर बोलतो, तेव्हा ते मोजून मापून बोललेले असते. पोशाख बदलल्याने समोरच्याचे मन बदलत नाही. पण आपण स्वतः आपल्या अंगावर त्याची खूण बाळगायची नाही, एवढे आपल्या हातात असते.

सूटबूट आणि पंचा ही तुलना दर जयंतीला कोणीतरी काढतोच. गांधींनी सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईला सदरा-टोपी सोडून पंचा घेतला आणि बाबासाहेब सुटात राहिले, म्हणून गांधी गरिबांचे, असा तो युक्तिवाद. बॅरिस्टरचा सूट ज्याने घालून पाहिला, त्याच्या पंचाला त्याग म्हणतात. ज्याच्या आजोबांना पंचाशिवाय दुसरे काही घालूच दिले नाही, त्याने काय त्यागायचे? सुभेदार रामजींच्या पिढीला पलटणीत अंगभर गणवेश मिळाला आणि 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा तोही गेला. कपडे मिळणे आणि जाणे दोन्ही आपल्याकडे सरकारी हुकमाने झाले आहे. त्यामुळे चौकातल्या पुतळ्यावर निळा सूट दिसला की आपल्या म्हाताऱ्या बाया हात जोडतात, त्याला विलायतेचे वेड म्हणणाऱ्याने आधी हा हिशेब पाहावा.

आम्ही भिवंडीत राहतो, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे शहर कापडावर जगते. लाखो यंत्रमाग, त्यांतले कित्येक मुंबईच्या गिरण्यांतून जुने म्हणून आलेले. साध्या मागावर अजून धोटा फिरतो. याच धोट्यापायी मुंबईत आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत. धागा तुटला की तो तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला स्पृश्य कामगार तोंड लावणार नव्हता. म्हणून जास्त पगाराचे विणकाम खाते बंद आणि कमी पगाराचे रिंग खाते खुले. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला, आणि त्यांना तो नाइलाजाने मागण्यांत घ्यावा लागला. विदर्भात महार पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणत आले, ते सगळ्यांनी वापरले. मुंबईत मात्र त्याच जातीच्या ओठाने धागा बाटत होता. भिवंडीच्या मागांवर अन्सारी आणि पद्मशाली कामगारांबरोबर आपली पोरेही उभी असतात. बारा तास कोरे कापड विणायचे, ते रंगायला बालोतरा आणि पालीला जाणार, आणि स्वतःच्या अंगावर घामाने भिजलेले बनियन. तोच पोरगा महिन्याचा पगार साठवून बहिणीच्या लग्नात थ्री-पीस शिवतो, तेव्हा आपल्यातलेच शिकलेले लोक म्हणतात, "पोटाला नाही, पण सूट हवा." 2023 साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाली. बलाईंच्या फर्मानाला तेव्हा पंचाण्णव वर्षे झाली होती. त्या पोराच्या सुटाला हसताना आपण कोणाच्या बाजूला उभे राहतो, हे तरी पाहावे.

राहिला पांढऱ्या साडीचा मुद्दा, कारण बैठकीतल्या ज्येष्ठांच्या मनात खरे तर 1956 होते. 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले. माईसाहेब पांढऱ्या साडीत होत्या. समोरचा जनसागर पांढरा होता. पाली साहित्यात गृहस्थ उपासकाला 'ओदातवसन', म्हणजे पांढऱ्या वस्त्रातला, म्हटले आहे. त्या परंपरेशी हे नाते जोडणे होते. पण आम्हाला यातली वेगळी गोष्ट मोठी वाटते. ज्या समाजात पांढरे लुगडे म्हणजे विधवेची खूण, तिथे नवरा शेजारी उभा असताना हजारो बायांनी ते अंगावर घेतले. शकुन-अपशकुनाची भीती एका दिवसात त्यांनी झुगारली. आमच्या वस्तीतल्या वयोवृद्ध आया आजही त्या अभिमानाने पांढरी साडी नेसतात, आणि ती त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये. मात्र 1956 ची पांढरी साडी ही बायांनी रूढी मोडून घेतलेली होती. आमच्या पत्रकातली पांढरी साडी पुरुषांनी बैठकीत ठरवलेली आहे, आणि तीही फक्त बायकांसाठी. नागपुरात पुरुषही पांढऱ्यात होते, हे पत्रक लिहिणाऱ्याला कसे आठवले नाही?

महाडच्या भाषणात बाबासाहेबांनी लादलेली खूण काढायला सांगितली. त्या भाषणाला आपण गणवेशाचे परिपत्रक करून टाकले. त्या दोन मुलींपैकी एकीने आम्हाला नंतर सांगितले, तिने तो निळा कुर्ता बाजारात तीन दुकाने फिरून घेतला होता, कारण तिला पंचशील ध्वजातला निळा हवा होता, दुसरा चालत नव्हता. गळ्यात छोटे अशोकचक्र, कानात काही नाही, पायात बूट, कारण मिरवणूक पाच-सहा तास चालते आणि साडीत नाचता येत नाही. इतका विचार करून आम्ही पुरुषांनी जयंतीला कधी कपडे घातलेले नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि निळा फेटा, झाले.

या वर्षीची बैठक मार्चच्या शेवटच्या रविवारी आहे. पत्रकातली पोशाखाची ओळ काढून टाकावी, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. ओळ ठेवायचीच असा बहुमताचा आग्रह झाला, तर तिच्यात 'महिलांनी' या शब्दाच्या जागी 'सर्वांनी' घालावे, अशी दुरुस्ती सुचवू. त्या दोघींना बैठकीचे निमंत्रण दिले आहे. मागे नाही, पुढे बसा, असेही सांगितले आहे. जयभीम.