उच्च शिक्षणाचे शोधक आणि त्यांची घरे

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रोते गड आणि लढाया ऐकावयाच्या तयारीने येतात. आम्ही ह्या खेपेस गडही सांगणार नाही आणि लढाईही नाही. ज्यांनी स्वतः उच्च शिक्षण घेतले आणि घेता घेता त्या शिक्षणाकडेच शोधकाच्या नजरेने पाहिले, ते कोण होते, कोणत्या घरांतून आले, आणि घर बदलले म्हणजे प्रश्न कसा बदलतो, एवढाच आमचा विषय आहे. नांदुरेकरांस तो परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या नदीचे नावच ज्ञानगंगा आहे. उन्हाळ्यात तिला पाणी किती असते हे मात्र कोणी विचारू नये.

आरंभ आपल्या स्टेशनापासूनच करू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी १८६७ साली नागपूरपर्यंत पोचली आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटा निघाला. हा सगळा खटाटोप कापसासाठी होता. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला लवकर पोचावा म्हणून रूळ पडले. परंतु एकदा गाडी सुरू झाली की तिच्यात कोण चढेल हे कंपनीच्या हाती राहत नाही. सरकीची पोती खाली आणि ट्रंका वर, अशी मुले परगावी जाऊ लागली. वऱ्हाडात त्या वेळी महाविद्यालय नव्हते. नागपुरास १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज निघाले, १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघाले, पण तेथेही विद्यापीठ नव्हतेच. हिस्लॉपचा विद्यार्थी आधी कलकत्ता विद्यापीठाची परीक्षा देई आणि पुढे अलाहाबादची. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले, तेव्हा त्याची महाविद्यालये सहा होती आणि विद्यार्थी हजाराच्या आत. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेजही त्याच वर्षीचे. अमरावतीला स्वतःचे विद्यापीठ मिळावयास १ मे १९८३ उजाडावा लागला. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांची उत्तरपत्रिका तपासणारा माणूस शेकडो मैलांवर बसलेला असे आणि त्याला कपाशीचे बोंड कसे दिसते हे ठाऊक असण्याचा संभव थोडा होता.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. विदर्भाच्या ह्या दोन्ही विद्यापीठांना आज संतांची नावे आहेत. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे, अमरावतीचे संत गाडगे बाबांचे. दोघांनीही विद्यापीठाचा उंबरा विद्यार्थी म्हणून ओलांडला नव्हता. गाडगे बाबांनी तर आयुष्यभर हातात झाडू धरला आणि लोकांना एकच सांगितले, की जेवणाचे ताट मोडा पण मुलाला शिकवा.

आता माणसांकडे वळू. येथून गाडीने तासा-दीड तासावरच्या अकोल्याच्या हायस्कुलातून १८७५ साली एक मुलगा मॅट्रिक झाला. तो मूळचा वऱ्हाडी नव्हे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर तो. घरी दारिद्र्य. कऱ्हाडास कचेरीत उमेदवारी केली, शिक्षणासाठी रत्नागिरीस गेला, तेथेही जमले नाही, तेव्हा नातेवाइकांच्या आधाराने अकोल्यास आला. मॅट्रिक होऊन पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. तेथे त्याला सहाध्यायी भेटला तो रत्नागिरीचा बळवंत गंगाधर टिळक. टिळकांचे वडील शिक्षणखात्यात नोकरीस होते. घरात पुस्तके होती, संस्कृत होते आणि फी भरण्याची विवंचना नव्हती. १८७९ च्या सुमारास एक कायदा वाचीत होता आणि दुसरा एम.ए.चा अभ्यास करीत होता. दोघे रात्र रात्र एकच चर्चा करीत, की आपण जे शिक्षण घेत आहो ते देशाच्या काय कामाचे? महाराष्ट्रातील पदवीधर विद्यार्थ्यांनी उच्च शिक्षणाची केलेली पहिली चिकित्सा आम्ही हिलाच म्हणतो. प्रबंध लिहिला गेला नाही, मार्गदर्शक नव्हता. पण तिचे फळ १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ चे फर्ग्युसन कॉलेज, असे उभे राहिले.

ह्या चर्चेत दोघांचे प्रश्न एकच होते काय? वरवर होते. पुढे त्यांच्यात जी फारकत झाली तिची कारणे अनेक आहेत आणि ती सर्वांना ठाऊक आहेत. सगळे खापर घरावर फोडणे बरे नव्हे. तरी कचेरीत उमेदवारी करून, परक्याच्या घरी राहून जो शिकला त्याच्या मनात रूढीविषयी, विशेषतः मुलींच्या शिक्षणाविषयी, जी निकड होती ती अनुभवातून आली होती, असे आम्हांस वाटते. ज्याला शाळेचे दार दोनदा बंद झालेले पाहावे लागते, त्याला बंद दारे लवकर दिसतात.

ह्याच वेळी त्याच पुण्यात दुसरा एक गृहस्थ उच्च शिक्षणाविषयी लिहीत होता. १८८२ साली हंटर कमिशन आले. हंटरसाहेबांनी न्यू इंग्लिश स्कूल पाहिले आणि वाखाणले. शाळेतर्फे वामन शिवराम आपट्यांनी साक्ष दिली. जोतीराव फुल्यांनीही आपले निवेदन सादर केले. जोतीराव पदवीधर नव्हते, मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेले. त्यांनी विचारले ते असे, की सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा बहुतांशी शेतकऱ्याच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा न्याय कोणता? निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. निवेदनाचा हा भाग सर्वतोमुखी आहे. त्यात पुढे आणखी एक मुद्दा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेला खाजगी रीतीने अभ्यास केलेल्यांना बसू दिले, ह्याबद्दल ते समाधान व्यक्त करतात, आणि हीच सवलत बी.ए., एम.ए. पर्यंत द्यावी असे सुचवितात. कॉलेजात राहण्याचा खर्च ज्याला झेपत नाही त्याने घरी अभ्यास करावा आणि पदवी घ्यावी. पुण्यात राहणाऱ्या गृहस्थाच्या घरच्या मुलाला ही सूचना सुचली नसती, कारण तिची गरज त्याला नव्हती. १८८२ च्या ह्या सूचनेनंतर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघावयास १९८९ साल यावे लागले. मध्ये १०७ वर्षे गेली. त्या विद्यापीठाचे ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. नांदुरेकरांनी त्यावर रॉयल्टी मागावयास हरकत नाही.

यानंतरची दोन माणसे आपल्याला जवळची. एक पापळ गावचे शेतकऱ्याच्या घरचे पंजाबराव देशमुख, जन्म १८९८. दुसरे सुभेदाराचे चिरंजीव भीमराव आंबेडकर, जन्म १८९१. एकाने खेड्याच्या शाळेपासून अमरावती आणि तेथून फर्ग्युसन असा प्रवास करून १९२० मध्ये विलायत गाठली. दुसरे बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत आले, सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. शिष्यवृत्ती थांबली म्हणजे विद्या थांबते, हे ह्या माणसाने पुस्तकात वाचलेले नव्हते.

दोघांचे प्रबंध पाहा. पंजाबरावांचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. तो ग्रंथ ऑक्सफर्डने १९३३ साली छापला. आंबेडकरांचे विषय सरकारी जमाखर्च आणि रुपयाचा प्रश्न. शिक्षणावर दोघांनीही प्रबंध लिहिला नाही. त्या काळी तो संशोधनाचा विषय म्हणून फारसा कोणी धरीतही नसे. पण परत येताच दोघे त्याच विषयाकडे वळले. पंजाबरावांनी १९३२ मध्ये अमरावतीस श्रीशिवाजी शिक्षण संस्था काढली. वेदांवर डॉक्टर झालेला माणूस कुणब्याच्या मुलाच्या वसतिगृहाची चिंता वाहू लागला. आम्हांस ह्यात विसंगती दिसत नाही. पापळहून अमरावतीस जाणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न पडतो तो रात्री निजावे कोठे आणि जेवावे काय, हा. अभ्यासक्रमाचा प्रश्न मागून येतो.

आंबेडकरांचे तर लेखी पुरावे आहेत. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीला त्यांनी लेखी उत्तरे दिली. विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी कचेरी होऊन बसली आहे, अध्यापन आणि संशोधन ह्यांची फारकत करू नये, पदवीपूर्व आणि पदव्युत्तर अशी भिंत घालू नये, असे त्यांचे म्हणणे. कोलंबियात ज्याने अध्यापकांच्या चर्चासत्रात बसून आपला निबंध वाचला होता, त्याला मुंबईची परीक्षापद्धती खुजी दिसली, हे स्वाभाविकच होते. १९२७ साली कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना मात्र ते दुसऱ्या घरातून बोलले. विद्यापीठाचे काम उच्च शिक्षण गरजू आणि गरीब वर्गाच्या दारापर्यंत नेणे हे आहे आणि त्यासाठी मागास वर्गाची माणसे विद्यापीठाच्या कारभारात हवीत, हा त्या भाषणाचा रोख होता. एकाच माणसाच्या ह्या दोन मागण्या. विद्यापीठ उंच असावे आणि त्याची पायरी सखल असावी. पुष्कळांना ह्यांतली एकच सुचते. पुढे १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ कॉलेज निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांस शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. १९५० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले.

स्वातंत्र्यानंतर शिक्षण हा संशोधनाचा रीतसर विषय झाला. जे. पी. नाईकांनी १९४८ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली. १९७६ मध्ये ती पुण्यास आली. कोल्हापुराकडील बहिरेवाडीच्या ह्या गृहस्थाने पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिला. पुण्याच्या गोखले संस्थेत प्रा. अ. रा. कामत आणि त्यांचे सहकारी देशमुख ह्यांनी पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची गळती मोजली. तो अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. किती मुले कॉलेजात शिरली आणि किती पदवी घेऊन बाहेर पडली, हा साधा हिशेब. पण विद्यापीठे उत्तीर्णांची यादी छापतात, मधल्या मध्ये गेलेल्यांची छापीत नाहीत. म्हणून हा हिशेब कोणीतरी बसून करावा लागतो.

आज हा हिशेब करणारे कोण? बार्टी, सारथी, महाज्योती ह्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांवर खेड्यापाड्यांतील मुले-मुली पीएच.डी. करीत आहेत. त्यांत शिक्षणशास्त्राचेही विद्यार्थी आहेत. पुष्कळांच्या घरी त्यांच्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नव्हते. १९१३ मध्ये एका विद्यार्थ्याला संस्थानिकाच्या मर्जीने जे मिळाले ते आज नियमाने मिळू शकते, ही लहान गोष्ट नव्हे. हप्ता वेळेवर येतो की नाही हा भाग निराळा. त्यासाठी आंदोलने होतात ती वर्तमानपत्रांत येतातच.

आमची तक्रार प्रबंधांच्या विषयांबद्दल आहे. जिल्ह्याचे नाव बदलावे आणि तोच मथळा पुन्हा छापावा, 'एक चिकित्सक अभ्यास' हे शेपूट लावावे, अशी रीत पडली आहे. आत 'सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी' असा तक्ता असतो. त्यात इतरांच्या घरांची पाच खाने पाडून वर्गवारी असते. लिहिणारा स्वतः कोणत्या घरातून आला आणि तेथून त्याला काय दिसले, ते मात्र तो झाकून ठेवतो. कारण मार्गदर्शकाने सांगितलेले असते की ते शास्त्रीय नव्हे. फुले आणि आंबेडकर ह्यांनी ते झाकले असते तर त्यांची निवेदने आज कोणी उघडली नसती. ह्यावर कोणी म्हणेल की घर हा पुरावा नव्हे. खरे आहे. गरिबाच्या मुलाने लिहिले म्हणून आकडा बरोबर ठरत नाही. पण कोणता आकडा मोजावयाचा, हे ठरविताना घर कामास येते.

आपल्या नांदुऱ्याचेच पाहा. सकाळच्या गाडीने शेगावला, अकोल्याला जाणारी मुले-मुली आहेत, खामगावला एस.टी.ने जाणारी आहेत. शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. येथून निघालेल्यांपैकी कोण पोचले आणि कोण मध्येच उतरले, ह्याचा हिशेब ज्याने तो प्रवास केला आहे त्यालाच चांगला मांडता येईल. साधने नाहीत असेही नाही. प्रत्येक जुन्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, पालकाचा धंदा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण. हल्ली त्या वह्या उघडतात त्या बहुधा जातीच्या दाखल्यासाठी. बोटाने एक ओळ शोधली जाते, तिची नक्कल घेतली जाते आणि वही पुन्हा कपाटात जाते. पाने कडांनी तुटू लागलेली असतात.

त्या वहीचा शेवटचा रकाना वाचण्यासारखा असतो. 'सतत गैरहजर', 'कामधंद्यामुळे', 'पालकाची बदली', आणि क्वचित 'पुढील शिक्षणाकरिता'. पुढील शिक्षणाकरिता गेलेला मुलगा कोठे गेला, कोणाच्या घरी राहिला, पदवी घेऊन आला की तशीच ट्रंक घेऊन परतला, हे वहीत नसते. ते सांगू शकणारी काही माणसे व्याख्यानाच्या दिवशी समोर पहिल्या रांगेत बसलेली आम्ही पाहिली. त्यांतली बहुतेक ऐंशीच्या पुढची होती.