जुन्या गाडीचें मोल

गोंदिया शहराजवळ, भाताच्या बांध्यांनी वेढलेलें बिरसी हें गांव आहे. दुसरें महायुद्ध पेटलें असतां, १९४० सालीं, ब्रिटिशांनीं येथें विमानांसाठीं एक धांवपट्टी बांधली. युद्ध संपलें, बांधणारे देश सोडून गेले, पट्टी मात्र मागें राहिली. त्या काळीं एखाद्या हिशेबनिसास तिचें मोल विचारलें असतें, तर त्यानें वहींत वर्षावर्षाचा घसारा मांडून शेवटीं पूज्यच लिहिलें असतें. परंतु १९९८ सालीं ही पट्टी राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. पुढें तेथें वैमानिक शिकूं लागले. आणि १३ मार्च २०२२ रोजीं तेथून उतारूंची नियमित विमानसेवा सुरू झाली. वस्तु जुनी झाली कीं तिचें मोल उतरतें, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. मग कांहीं वस्तूंच्या बाबतींत तो मध्येंच उलटा कां फिरतो? हा प्रश्न पडला म्हणजे आम्हांस इटलींतील शर्यतीच्या जातीच्या मोटारगाड्यांचा इतिहास आठवतो. कारण घसाऱ्याचा नियम आणि त्याचा अपवाद हीं दोन्ही त्यांच्याइतकीं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतात.

बिरसीहून या गाड्यांकडे जाण्याची वाट वाटते तितकी आडवळणाची नाहीं. युद्धाच्या दिवसांत ठिकठिकाणीं घातलेल्या अशाच धांवपट्ट्या पुढें मोटारींच्या शर्यतींस उपयोगीं पडल्या. मद्रासजवळच्या शोळावरम् येथील पट्टीवर शर्यती भरूं लागल्या. इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथील लष्करी विमानतळावर १९४८ सालीं मोठी शर्यत झाली व तें नांव जगभर गाजलें. त्याच सिल्व्हरस्टोनवर २००२ सालीं एका मराठी खेळाडूच्या हातीं इटालियन गाडीची किल्ली आली. सचिन तेंडुलकर यांनीं कसोटी सामन्यांत डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली, त्याप्रीत्यर्थ फेरारी ३६० मोडेना ही गाडी त्यांस मायकेल शूमाकर यांच्या हस्तें देण्यांत आली.

भेट मिळाली खरी, पण ती घरीं आणावयाची कशी? गाडीची किंमत सुमारें ७५ लाख रुपये सांगितली जात होती, आणि आयात-जकात निघाली १ कोटि १३ लाख! नियमाप्रमाणें जकातीची माफी बक्षिसास होती, भेटीस नव्हती. २००३ सालीं माफी मिळाल्याचें बाहेर येतांच लोकांत ओरड झाली, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेलें, आणि अखेर ती रक्कम फियाट कंपनीनें भरली. येथें घसाऱ्याचा पहिला धडा मिळतो. परदेशांतून येणाऱ्या गाडीच्या किंमतींतील मोठा हिस्सा गाडीचा नसून सरकारचा असतो. गाडी विकावयास काढली म्हणजे गिऱ्हाईक गाडी पाहतो, पावती पाहत नाहीं.

आतां या गाडीचें कूळ पाहूं. आसनांच्या मागें आठ सिलिंडरांचें एंजिन असलेली फेरारीची ही परंपरा १९७५ च्या ३०८ पासून धरली, तर १९८५ ची ३२८, १९८९ ची ३४८, १९९४ ची एफ ३५५, १९९९ ची ३६०, २००४ ची एफ ४३०, २००९ ची ४५८ आणि २०१५ ची ४८८ अशा तिच्या पिढ्या होतात. प्रत्येक नवी पिढी आली कीं तिच्या मागचीचें मोल कोसळतें. कारण उघड आहे. नवी गाडी अधिक वेगवान, अधिक सोयीची आणि त्याच घराण्याची असते. मग जुनी घेईल कोण? ३६० तर सतरा हजारांवर निघाल्या होत्या. त्यांत दुर्मिळपणाची सबबही नव्हती.

तरी सर्व पिढ्या सारख्या घसरत नाहींत. एक कारण देखभालीचें. ३४८ आणि एफ ३५५ या गाड्यांत एंजिनाचा दांतेरी पट्टा बदलावयाचा तर सगळें एंजिन खालीं उतरवावें लागे. ३६० मध्यें तेंच काम आसनांमागची झांपड काढून होऊं लागलें, आणि एफ ४३० मध्यें पट्ट्याच्या जागीं सांखळी आली. स्वस्तांत घेतलेल्या जुन्या फेरारीचा कारखान्यांतील खर्च मात्र कधींच स्वस्त होत नाहीं, हें जाणता गिऱ्हाईक ओळखतो, आणि त्या भयाची किंमत तो आधींच कापून घेतो.

दुसरें कारण याहून खोल आहे. एफ ३५५, ३६० व एफ ४३० यांना हातानें बदलावयाचे गिअरही मिळत आणि यंत्रानें बदलणारेही. नव्या असतांना पुष्कळांनीं यंत्राचेच घेतले, कारण ते जलद होते. पुढें ४५८ मध्यें हाताचा गिअर अजिबात नाहींसा झाला. तेव्हां लोकांस कळलें कीं, धातूच्या जाळींतून गिअरची दांडी सरकवितांना होणारा तो खटका आतां कोणत्याही नव्या गाडींत मिळावयाचा नाहीं; आणि हाताच्या गिअरच्या त्याच जुन्या गाड्या यंत्राच्या गिअरच्या गाड्यांहून महाग झाल्या. ४५८ चेंही असेंच झालें. तिच्यामागून आलेल्या ४८८ मध्यें टर्बो आला, आणि मोकळ्या श्वासाचें अखेरचें एंजिन म्हणून ४५८ चा भाव टिकून राहिला. यावरून आमच्या मतें नियम असा निघतो: नवी पिढी जुनीचें सर्व कांहीं घेऊन वर अधिक देते, तोंवर जुनी पडते, नवीनें कांहीं सोडून दिलें, कीं त्या सोडलेल्या वस्तूपुरती जुनी चढूं लागते.

अर्थात् चढत्या भावाचीही एक नशा असते. १९८८ सालीं एंझो फेरारी निवर्तले आणि बाजार पेटला. १९९० नंतर तोच बाजार कोसळला, आणि वस्तूवर प्रेम न करतां केवळ भावावर प्रेम करणारे त्यांत बुडाले. उलट, १९६२ ते १९६४ मध्यें अवघ्या ३६ निघालेल्या २५० जीटीओ गाड्या शर्यतींतून निवृत्त झाल्यावर कांहीं हजार डॉलरांस विकल्या जात होत्या. त्यांतलीच एक २०१८ सालीं लिलांवांत ४ कोटि ८४ लाख डॉलरांस गेली. मधल्या काळांत ज्यांनीं त्या सांभाळल्या, त्यांस हा भाव ठाऊक नव्हता. त्यांनीं गाडी सांभाळली, भाव मागून आला.

तेंडुलकर यांची गाडी २०११ सालीं सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली, आणि २०१२ च्या ‘फेरारी की सवारी’ या चित्रपटामुळें ती घरोघरीं ठाऊक झाली. तिचें मोल तिच्या पिढींत नाहीं, गिअरांतही नाहीं. कोणी कशासाठीं दिली, या आठवणींत आहे. ही आठवण कारखान्यांत पुन्हां घडत नाहीं.

येथें आम्हांस दुसऱ्या एका इटालियन गाडीची आठवण होते. वालचंद हिराचंद यांनीं स्थापलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाटच्या नमुन्यावर जी गाडी निघे, ती पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. फेरारीचा निम्मा भाग १९६९ सालीं ज्या फियाटनें घेतला, तीच ही फियाट. म्हणजे नात्यानें या दोघी जावाच म्हणाव्या. पद्मिनीची निर्मिति २००१ मध्यें थांबली. मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यानें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून उतरली. आमच्या नियमाप्रमाणें तिचा भाव चढावयास हवा होता, कारण तशी गाडी पुन्हां होणें नाहीं. परंतु तिला जपून ठेवील एवढी ऐपत तिच्या धन्याची नव्हती. ज्या गाडीवर मुलांची शिक्षणें झालीं, ती बहुधा भंगाराच्या वजनानें गेली. आणि वर्षांतून चार वेळां बाहेर निघणारी लाल गाडी झांकून ठेविली गेली. दुर्मिळपणास भाव येण्यासाठीं आधीं कोणाला तरी वाट पाहण्याची सवड लागते. ही सवड धनिकास असते, टॅक्सीवाल्यास नसते. म्हणून बाजाराचा भाव हा मोलाचा पुरावा मानूं नये.

बिरसीच्या पट्टीचा लिलांव कोणी केला नाहीं, आणि तिला कोणी झांकूनही ठेविलें नाहीं. तिच्यावरून पुन्हां विमान उडालें, इतकेंच. जुन्या वस्तूस याहून मोठा मान देतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. गाडी फेरारी असो वा पद्मिनी, ती चालती ठेवणारा मनुष्य आहे तोंवर हिशेबनिसानें तिच्यापुढें पूज्य लिहिण्याची घाई करूं नये.