पिंपरीची बुरशी

फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. देवदास गांधींनी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवले. ते दर काही तासांनी टोचावे लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटले. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. औषध टोचले असते तर त्या वाचल्या असत्या, असे छातीठोकपणे कोणीच म्हणू नये. पण हे औषध तेव्हा किती दुर्मिळ होते, ते यातून कळते.

तेच औषध ११ वर्षांनी पुण्याशेजारी पिंपरीला तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता.

फ्लेमिंगने १९२८ मध्ये बुरशी पाहिली, एवढे शाळेत शिकवतात. पुढची हकिगत सहसा सांगत नाहीत. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी ही बुरशी चक्क रुग्णांच्या बेडपॅनमध्ये वाढवली. अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेत मका भिजवून उरलेले पाणी तिला मानवले, आणि १९४३ मध्ये बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर अधिक औषध देणारा वाण सापडला.

किण्वन नांदेड-लातूरकरांना नवे नाही. साखर कारखान्याची मळी, त्यात यीस्ट, त्यापासून मद्यार्क, हे आपण जाणतो. पण मद्यार्क करताना यीस्टला फारशी हवा लागत नाही, आणि तयार झालेला मद्यार्कच बऱ्याच आगंतुक जंतूंना रोखतो. पेनिसिलिनचे तसे नाही. बुरशीला अखंड निर्जंतुक हवा लागते, आणि पेनिसिलिन फोडणारा एखादा जिवाणू आत शिरला की अख्खी टाकी वाया. साखरसुद्धा थोडी थोडी द्यायची; एकदम दिली तर बुरशी फोफावते, औषध मात्र देत नाही. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये जमलेले गणित मोठ्या टाकीत बिघडते. तिथे उष्णता साठते, फेस उसळतो आणि प्राणवायू सगळीकडे पोचत नाही. प्रक्रिया विकसित करणाऱ्या शास्त्रज्ञाचे आयुष्य याच बिघाडांशी झुंजण्यात जाते. त्याचे नाव कुठल्याही बाटलीवर छापत नाहीत.

पिंपरीने एक गोष्ट मात्र नावासकट दिली. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्याच मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. त्याचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून बुरशीजन्य रोगांवरचे हॅमायसिन निघाले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे त्यात आहेतच!

पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातले पेनिसिलिन-जीचे कारखाने एकेक करून थांबले. पिंपरीची कंपनीही आजारी पडली. माझ्या मते खरे नुकसान टाक्यांचे झाले नाही. फेसाचा रंग पाहून, वासावरून टाकीची तब्येत ओळखणारी माणसे निवृत्त झाली, ते नुकसान मोठे. २०२० मध्ये केंद्र सरकारने कच्च्या औषधांसाठी प्रोत्साहन योजना आणली. त्यातून आंध्रात काकिनाडा येथे २०२४ मध्ये पेनिसिलिन-जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातून आज कितीतरी मुले सूक्ष्मजीवशास्त्र शिकून पुण्या-हैदराबादेला नोकरीसाठी जातात. पदवीच्या पुस्तकात त्यांना फ्लास्क भेटतो. मोठी टाकी मात्र पहिल्या पाळीलाच प्रथम दिसते.