पणजीचं माहेरचं नाव

आजच्या विषयाची सुरुवात आमच्या गटातल्या एका कोड्यापासून झाली. आम्ही ठरवलं, प्रत्येकीनं आपली आजी, पणजी आणि पणजीची आई यांची नावं कागदावर लिहायची. पणजीपाशीच बहुतेकींचं पेन थांबलं. सासरचं नाव ठाऊक, पण माहेरचं नाव आणि आडनाव सांगता येईना. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आणि जुनं नाव घराच्या आठवणीतूनच गेलं.

म्हणून आज आपण जरा लांब, कॅनडातल्या क्युबेकला जाऊ. तिथली फ्रेंच घराणी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पणजीला तिच्या माहेरच्या नावानं शोधून काढतात.

१६०८ मध्ये फ्रेंचांनी सेंट लॉरेन्स नदीकाठी क्युबेकची वसाहत उभारली. सुरुवातीला पुरुष फार, बायका थोड्या. म्हणून १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजानं आपल्या खर्चानं सुमारे पावणेआठशे तरुण मुली तिकडे पाठवल्या. ‘राजाच्या मुली’ असंच त्यांना म्हणतात. कित्येकींना सहीसुद्धा येत नव्हती. पण चर्चच्या वहीत लग्नाची नोंद होताना वधूचं नाव, माहेरचं आडनाव, आईवडिलांची नावं आणि मूळ गाव लिहिलं जाई. पुढे मुलाच्या बाप्तिस्म्याला आणि शेवटी दफनाच्या नोंदीतही तिचं माहेरचंच नाव येई. लोक तिला नवऱ्याच्या नावानं हाक मारत असतील, पण वहीत ती जन्मभर आपल्या नावानंच राहिली.

झाकारी क्लूतिए हा सुतार १६३४ च्या सुमारास तिथे आला. सही म्हणून तो कुऱ्हाडीचं चित्र काढायचा. सन १८०० पर्यंत त्याच्या वंशातल्या लग्न झालेल्या माणसांची संख्या दहा हजारांवर गेली होती. हा सगळा वंश जितका त्याचा, तितकाच त्याच्या बायकोचा, सँत द्युपाँचा. आणि तिचं नाव आजही सापडतं.

शोध सोपा मात्र नाही. मुलींच्या नावाआधी ‘मारी’ आणि मुलांच्या नावाआधी ‘जोझेफ’ लावायची पद्धत पुढे रूढ झाली, त्यामुळे एकाच घरात चार-चार मारी. मूल गेलं की पुढच्या बाळाला तेच नाव. बाळाला धर्ममातेचं किंवा धर्मपित्याचं नाव देण्याचीही रीत होती. त्यात सैनिकांची टोपणनावं! कुणी लाफ्लर म्हणजे फूल, कुणी सान्सूसी म्हणजे निश्चिंत. मूळ आडनाव, मग ‘दी’ म्हणजे ‘उर्फ’, मग टोपणनाव. पुढे एक भाऊ मूळ आडनाव चालवी, तर दुसरा टोपणनाव. अमेरिकेत गेलेल्या काही ब्वाव्हेरांचे तर ग्रीनवुड झाले. अशा वेळी खरा धागा सापडतो तो आईच्या माहेरच्या नावानं. आडनाव बदललं तरी आई तीच असते.

पण त्याच वह्यांत गुलाम केलेल्या मूळ रहिवासी बायकाही आहेत. त्यांच्या नोंदीत बहुधा बाप्तिस्म्याचं नाव आणि मालकाचं नाव, एवढंच. आईवडील लिहिलेलेच नाहीत. त्यांच्या लेकरांचा मागे जाणारा रस्ता तिथेच बंद होतो. कोणाचं नाव लिहायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं, ते असं.

क्युबेकमध्ये १९८१ पासून लग्नानंतरही बाईचं जन्मनावच कायद्यानं चालतं. आपल्या राज्यानंही २०२४ मध्ये बाळाच्या नावानंतर आईचं नाव लिहायचं ठरवलं. पाऊल चांगलंच आहे, पण त्यात आईचं माहेरचं आडनाव येत नाही. ते आपणच लिहायचं.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ बसा. तिचं जन्माचं नाव, माहेरचं आडनाव, गाव, आणि तिच्या आईचं नाव विचारा. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहा. आम्हीही आमच्या अर्धवट राहिलेल्या कागदांना पुन्हा हात घातला आहे. आमच्यातल्या एकीच्या मावशीला पणजीचं नाव आठवलं. बाकीच्या अजून विचारत आहोत.