फाळक्यांची विलायतेंतील खरेदी

इ. स. १९१२ च्या फेब्रुवारींत धुंडिराज गोविंद फाळके विलायतेस निघाले. पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकाराचें व पुढें छापखान्याचें काम केलेल्या या गृहस्थांस चित्रपटाचा कॅमेरा आणि त्याची विद्या हवी होती. प्रवासाचें भांडवल विमापत्र तारण ठेवून उभें केलेलें. खरेदी चुकती तर कुटुंबाचा आधारच बुडता.

लंडनमध्यें 'बायस्कोप' साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांनीं, हिंदुस्थानची हवा या धंद्यास मानवेलच असें नाहीं, असा इशारा दिला. तथापि फाळक्यांचा निश्चय पाहून त्यांनींच पुढील वाट दाखविली. वॉल्टन येथें हेपवर्थ यांच्या स्टुडिओंत कामाचीं सर्व अंगें पाहून फाळक्यांनीं ५० पौंडांचा विल्यम्सन कॅमेरा, कोडॅकची कोरी फिल्म आणि छिद्रें पाडण्याचें यंत्र यांची मागणी नोंदविली. त्या कोऱ्या फिल्मीस कडेचीं छिद्रें नसत, आणि छिद्रांवांचून कॅमेऱ्यांत फिल्म पुढें सरकत नाहीं. नुसता कॅमेरा आणला असता तर तो पेटींतच पडून राहता.

एप्रिलांत फाळके परतले. सामान मे महिन्यांत आलें. सोबतच्या आकृतीवरून त्यांनीं तें जोडलें. अंधारांत छिद्रें पाडण्याचें नाजूक काम पत्नी सरस्वतीबाईंनीं पत्करिलें. वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचें चित्र दाखवून भांडवल मिळालें, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. नव्या विद्येसाठीं परदेशीं जाणाऱ्यानें मुख्य यंत्राइतकीच जोडसामानाचीही चौकशी करावी, हें या खरेदीवरून ध्यानांत येतें.